घरातल्या घरात लिलाव

दिव्याचं बटण उजवीकडे होतं. रुजार बार्बोझचा हात डावीकडे गेला, गार भिंतीवर वर-खाली फिरला, आणि काही लागेना तेव्हा तिथेच थांबला. मागे कोर्टानं नेमलेला किंमत ठरवणारा माणूस, आंगले, मोजपट्टी आणि कागद घेऊन उभा होता, आणि त्याच्या मागे रुजारची बायको पियेदाद. "उजवीकडे," ती म्हणाली. टोमणा नव्हता. पाहुण्याला हात धुवायची जागा दाखवावी तसं म्हणाली, आणि तेच त्याला लागलं. दिवा लागला. मुलीची खोली, दहा बाय बारा, दोन खिडक्या. आंगलेनं मोजलं, लिहिलं, आणि लिहिता लिहिता मान वर करून एकदा रुजारकडे बघितलं. एवढंच झालं, वीस सेकंदांची गोष्ट. पण त्या दिवसापासून पाच आठवडे तो हात भिंतीवर फिरतच होता. दाढी करताना, नावेलीच्या भाड्याच्या खोलीत चहा गाळताना, चर्चमध्ये मिसेला गुडघे टेकलेले असताना. ज्या घरासाठी माणसानं तेहतीस वर्षं पाण्यावर काढली त्या घरात त्याला दिवा लावता येऊ नये, आणि ते एका परक्यानं बघावं. घर कुणाचं, हा प्रश्न तोवर त्याच्या मनात आलाच नव्हता. त्या दिवशी आला, आणि उत्तर एकच असू शकतं असं त्यानं दात आवळून ठरवून टाकलं.

आज मडगावच्या कोर्टात दुसऱ्या मजल्यावरच्या बाकावर बसूनही तो तेच ठरवत होता. शेजारी त्याचे वकील कुडचडकर मांडीवर फाईल उघडून हलक्या आवाजात चौथ्यांदा तेच समजावत होते. गोव्यात लग्नाच्या वहीवर सही झाली की जे आहे आणि जे होईल ते निम्मं तुझं, निम्मं माझं. पोर्तुगेज गेले, कायदा ठेवून गेले. लग्न मोडलं की सगळ्याची यादी करायची, कोर्टाचा माणूस किंमत लावणार, आणि ज्या वस्तूवर दोघांचाही डोळा तिचा लिलाव. बाहेरचं कुणी नाही. बोली नवऱ्यानं लावायची आणि बायकोनं लावायची, एकमेकांसमोर बसून. यादीत मोठ्या वस्तू तीनच होत्या. बोर्डा भागातलं घर, आंगलेच्या हिशेबानं शहाण्णव लाख. बँकेतली ठेव, चाळीस लाख. वेळी गावातलं माडांचं कुळागर, तीस लाख. कुडचडकरांचं गणित साधं होतं: घर आपण घ्यायचं, ठेव आणि कुळागर तिला जाऊ द्यायचं, वर वीस लाख द्यायचे, जे कुवेतचा पुतण्या उसने द्यायला कबूल झाला होता. म्हणजे बोली एक कोटी दहा लाखांपर्यंत. "त्याच्या वर एक रुपया नाही, रुजारबाब. पैसा तिच्या हातात गेला की पोटगी मागायला तोंड उरत नाही. वर गेलात तर मात्र मला विचारू नका." पियेदादनं महिना अठरा हजारांची पोटगी मागितली होती. न्यायाधीशबाईंनी सांगितलं होतं, आधी वाटणी होऊ दे, मग त्याचं बघू.

समोरच्या बाकावर पियेदाद बसली होती. साठीची बाई, गुडघ्याखाली येणारा राखी झगा, पायात सपाट चपला. तिची वकीलीण तरुण होती आणि सतत मोबाईलमध्ये बघत होती. रुजारनं पियेदादकडे थेट बघायचं टाळलं, तिच्या हातांकडे बघितलं. या हातांना त्यानं आयुष्यात किती दिवस बघितलं असेल? एकदा बोटीवर, मोंबासाच्या बाहेर नांगर टाकून अकरा दिवस पडून होते तेव्हा, त्यानं कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब केला होता. लग्नाला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती आणि तो घरी सगळे मिळून तीन वर्षं आणि दोन महिने होता. हा आकडा त्यानं कुणाला सांगितला नाही. कागद फाडून समुद्रात टाकला आणि रात्रीच्या जेवणाला छत्तीस खलाशांसाठी डुकराच्या मटणाचं सोरपोतेल रांधलं. बोटीवरचे सगळे त्याला म्हणायचे, बार्बोझ, तू नशीबवान, तुझं लग्न कधी जुनं होत नाही. तोही हसायचा. आता ते हसणं त्याच्या तोंडात आंबट झालं. घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, असं लोक म्हणतात. दोन्ही मोडून बघायची वेळ आली तर काय करावं, हे कुणी म्हणीत घालून ठेवलेलं नाही.

घर बांधलं तेव्हाही तो नव्हता. पाया खणला तेव्हा तो सांतोसला होता, पहिला स्लॅब पडला तेव्हा रॉटरडॅमला. पियेदाद फोटो पाठवायची. पाठीमागे तारीख, खाली सिमेंटच्या पोत्यांचा आकडा. ते फोटो त्यानं आपल्या बिछान्याच्या वर चिकटवले होते, पहिला, दुसरा, तिसरा, आणि घर असं त्याच्या डोळ्यांसमोर भिंतीवर वाढत गेलं होतं. सगळे फोटो पुढून काढलेले. पुढून तो घर डोळे मिटून काढून दाखवू शकला असता. बाल्कांवच्या, म्हणजे पुढच्या ओसरीच्या, पायऱ्या, तिथली बाकं, खिडक्यांना शिंपल्यांचा रंग. मागची बाजू, न्हाणीघराचे नळ, कुठली खिडकी पावसात फुगते, हे फोटोत येत नाही. बंदरातून फोन केला की बोलणं आकड्यांचंच व्हायचं. मिनिटाला पैसे पडायचे. ती म्हणायची, सळई एवढ्याची, मेस्ताची मजुरी एवढी, आपल्या लिझेटच्या, म्हणजे लेकीच्या, शाळेची फी एवढी. तो म्हणायचा, एक तारखेला पाठवतो. आणि पाठवायचा. तेहतीस वर्षांत एकही महिना चुकला नाही, हे त्याचं बोलणं आणि हाच त्याचा अभिमान. नवरा म्हणून आपण काय केलं असं कुणी विचारलं असतं तर त्यानं बँकेच्या पावत्या काढून दाखवल्या असत्या, आणि त्या त्यानं खरंच कोर्टात दाखवल्याही होत्या. तिची वकीलीण तेव्हा म्हणाली होती, म्हणजे पोटगी द्यायची सवय आहे यांना. कोर्टात दोघंतिघं हसले. रुजारला राग यायला हवा होता. राग आला नाही, त्यानं पावत्या गोळा करून पुन्हा पिशवीत घातल्या.

कारण कोणी विचारलं की दोघांनाही नीट सांगता येत नसे. दुसरी बाई नव्हती, दारूही नव्हती, हात कधी उगारला नव्हता. एकसष्टाव्या वर्षी तो कायमचा घरी आला, आणि रोज पहाटे साडेचारला उठायला लागला, कारण बोटीच्या स्वयंपाकघरात साडेचारला शेगड्या पेटतात. साडेचारला भांडी वाजायची. डब्यांना त्यानं चिठ्ठ्या लावल्या, मसाल्यांच्या तारखा लिहिल्या, पियेदादची वर्षानुवर्षांची मांडणी एका आठवड्यात उलटीपालटी केली, आणि तिला मदत केल्याच्या आनंदात राहिला. दोन माणसांचा भात त्याला टाकताच यायचा नाही. हात आपोआप भरायचा, भांडं मोठंच निघायचं. उरलेलं ती शेजारपाजारी वाटायची, मग शेजारीही नको म्हणायला लागले. एके दिवशी ती म्हणाली, "रुजार, हे घर आहे, बोट नव्हे. इथं कुणाला ड्यूटी नाही." तो म्हणाला, घर माझ्या पैशानं उभं आहे. तिनं त्याच्या चिठ्ठ्या लावलेले डबे पुसायला घेतले. मग दार लावून बसायचा तो काळ आला, साथीचा, आणि ती दोघं लग्न झाल्यापासून पहिल्यांदा सलग चौदा महिने एका छपराखाली राहिली. त्याच्या शेवटी तिनं कागद पुढे केला. त्यानं रागाच्या भरात, चष्मा न लावता, सही केली. सही करताना त्याला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे, राहू दे. ती म्हणाली, तारीख घाल.

नावाचा पुकारा झाला. दालन लहान होतं, पंखा मोठा. न्यायाधीशबाई चाळिशीच्या, पातळ आवाजाच्या. लहान मुलांना समजावावं तसं दोघांशी बोलत. कारकुनानं यादी वाचायला घेतली. त्र्याऐंशी वस्तू. आधी बारीकसारीक उरकायचं, मग मोठं. सागवानी कपाट एक, पियेदाद. शिवणयंत्र, पियेदाद. फ्रीज, कुणालाही चालेल. भिंतीवरचं घड्याळ, रुजार. यातल्या निम्म्या वस्तू त्यानं कुठल्या ना कुठल्या बंदरातून आणलेल्या होत्या, तरी कारकुनाच्या तोंडून ऐकताना त्या दुसऱ्याच कुणाच्या घरातल्या वाटत होत्या. वस्तू क्रमांक एकेचाळीस: चिनी मातीचा जेवणाचा सेट, चोवीस जणांचा, न वापरलेला, मूळ खोक्यात. आंगले आला होता त्या दिवशी ते खोकं माळ्यावरून निघालं तेव्हा रुजार उसळला होता. बावीस वर्षांपूर्वी सिंगापुराहून, भाडं वेगळं भरून आणलेला सेट, आणि ही साधी चिकटपट्टीही काढत नाही. आंगलेच्या देखत त्यानं विचारलं होतं, हा का वापरला नाही? पियेदाद म्हणाली होती, "चोवीस ताटं आहेत, रुजार. आम्ही दोघी होतो." आंगलेनं तेव्हा कागदात नाक खुपसलं होतं. आता कारकुनानं विचारलं, कोणाला? रुजारनं मान हलवली, नको. पियेदादनंही मान हलवली. सेट कुणाचाच झाला नाही, कारकुनानं पुढे रेघ मारली.

मग घर. न्यायाधीशबाईंनी विचारलं, दोघांत काही बोलणं होतंय का, अजूनही वेळ आहे, बाहेर जाऊन पाच मिनिटं बोलून या. रुजारनं पियेदादकडे बघितलं. ती त्याच्याकडेच बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर, त्याला वाटलं, काहीतरी वाट बघितल्यासारखं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मला हे घर हवंय गो, मला दुसरीकडे कुठे जायला नाही, एवढं. वाक्य त्याला सुचलंही. पण घर माझं आहे असं म्हणणारा माणूस घर दे असं म्हणणार कसा? आणि वीस सेकंद भिंत चाचपणारा तो हात पुन्हा फिरू लागला. तो म्हणाला, "बोलायचं काय त्यात. बोली होऊ दे."

"शहाण्णव," पियेदाद म्हणाली. हा तिचा जुना फोनवरचा आवाज होता, आकडे सांगायचा, मधे श्वास न घेता, मिनिटाचे पैसे वाचवणारा. "सत्त्याण्णव," रुजार म्हणाला. शंभरपर्यंत दोघं बरोबरीनं गेली. कारकून लिहीत होता. एक कोटी पाच झाले तेव्हा पियेदादची वकीलीण तिच्या कानात काही बोलली, पियेदादनं मान हलवली आणि म्हणाली, एक कोटी सात. रुजार आठ म्हणाला. ती नऊ म्हणाली. रुजार दहा म्हणाला, आणि कुडचडकरांनी टेबलाखालून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. हद्द आली. आता ती थांबेल, रुजारला वाटलं. थांबेल आणि सगळं ठरल्याप्रमाणे होईल. ती म्हणाली, "एक कोटी अकरा." किती सहज म्हणाली, वाण्याकडे उडीद मागावेत तशी. रुजार बारा म्हणाला. गुडघ्यावरचा हात घट्ट झाला. तो पंधरा म्हणाला असता तरी चाललं असतं, वीस म्हणाला असता तरी, कारण आता तो कोर्टात राहिलाच नव्हता.

तो वेळी गावच्या कपेलापुढे, त्या छोट्या चर्चपुढे होता, मे महिन्यात, फेस्ताच्या दिवशी. लितानीची प्रार्थना संपून लिलाव सुरू झालेला. भाविकांनी देवाला वाहिलेल्या वस्तू, केळ्यांचा घड, उसाची मोळी, पाय बांधलेला कोंबडा. गाव गोल करून उभा. बोटींवरून सुट्टीवर आलेले तारवटी पुढच्या रांगेत, कडक इस्त्रीचे सदरे, अंगाला परदेशी साबणाचा वास. या लिलावात वस्तूला किंमत नसते, बोलणाऱ्याला असते. त्या वर्षी कोंबड्यावर तो आणि मिंगेल आमनेसामने आले. दोघं वेगवेगळ्या बोटींवरचे, आणि गाव हसत होता, ओरडत होता, चढव रुजार, चढव. पाचशेचा कोंबडा नऊ हजार सातशेला त्याचा झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पाद्र्यानं पाठ थोपटली. वर्षातले दहा महिने जो गावाला नावापुरताच असतो, तो त्या क्षणी पुरता गावचा झाला. कोंबडा काखेत मारून तो घरी आला तेव्हा पियेदादनं दार उघडलं. त्या महिन्यात लिझेटचा चष्मा करायचा राहिला होता, पुढच्या महिन्यात करू म्हणून. तिनं कोंबडा घेतला, शाकुती केली. म्हातारा कोंबडा होता, शिजता शिजला नाही. जेवताना ती इतकंच म्हणाली होती, "तुला थांबता येत नाही, रुजार. समोर कुणी असलं की तुला थांबता येत नाही." तो तेव्हा हसला होता, कारण ते त्याला कौतुक वाटलं होतं.

"एक कोटी चाळीस," तो म्हणाला. "एकेचाळीस," ती म्हणाली. कुडचडकरांनी गुडघ्यावरचा हात काढून घेतला होता आणि ते खिडकीबाहेर बघत होते. न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं आणि दोघांना विचारलं, रक्कम भरायची आहे हे लक्षात आहे ना. दोघांनी मान हलवली, आणि त्या एका क्षणात, एकाच वेळी मान हलवताना, ती दोघं नवरा-बायकोसारखी दिसली. रुजारला तिच्या कपाळावर घाम दिसला. दमलीय, त्याला वाटलं. आणि त्याच्या मनात कुठून तरी आलं की हिला हे घर हवंच असेल, अर्थात हवं असेल, सत्तावीस वर्षं राहिलीय, मग मी काय करतोय? या विचाराच्या मागोमाग दुसरा आला, की आता थांबलो तर ती बघेल, कारकून बघेल, तो आंगलेही इथेच कुठे बसला असेल, तो बघेल. "पन्नास," तो म्हणाला. "एक्कावन्न." "पंचावन्न." "छप्पन्न." मग त्यानं एक कोटी साठ म्हटलं, आणि म्हणताना खुर्चीतून अर्धा उठला. टाळ्या वाजल्या नाहीत. पंखा फिरत राहिला.

पियेदादनं मांडीवरची पिशवी सरळ केली. "माझी बोली नाही," ती म्हणाली.

न्यायाधीशबाईंनी तीनदा विचारलं, तीनदा ती नाही म्हणाली. कारकुनानं लिहिलं, घर रुजार बार्बोझ यांचं, एक कोटी साठ लाख. कुडचडकरांनी पेन्सिलीनं कोपऱ्यात आकडा मांडला आणि तो कागद त्याच्यापुढे सरकवला. ठेव तिची, कुळागर तिचं, आणि वर पंचेचाळीस लाख, कोर्टाच्या मुदतीत. रुजारनं आकडा वाचला. घर आपलं झालं, असं तो स्वतःला सांगू लागला. छातीत आनंद शोधला. जिथे तो असायला हवा होता तिथे पहाटेच्या साडेचारचं, शेगडी पेटण्याआधीचं, थंड स्वयंपाकघर होतं.

न्यायाधीशबाईंनी मग पोटगीचं काढलं. पियेदादची वकीलीण उभी राहायला लागली तसा पियेदादनं तिचा हात धरला आणि स्वतः उभी राहिली. म्हणाली, पोटगी नको. लेखी देते. न्यायाधीशबाईंनी विचारलं, नीट विचार केलाय ना, कोणाच्या दबावाखाली नाही ना. "नाही, मॅडम. तेहतीस वर्षं महिन्याच्या महिन्याला घेतली. त्याचा एक महिना चुकला नाही, ते मी देवासमोर सांगीन. आता पुरे." ती बसली. आणि रुजारला, ज्यानं या अठरा हजारांच्या विरुद्ध दोन वर्षं वकील लावला होता, ज्याला ते अठरा हजार डोळ्यांसमोर नको होते, त्याला एकदम समजलं की आपण त्या पैशांची वाट बघत होतो. एक तारीख येईल, बँकेत जाऊ, चिठ्ठी भरू, तिचं नाव लिहू. या एकाच रीतीनं त्याला तिचा नवरा असणं जमत होतं, आणि तेवढंही तिनं आता सोडवून घेतलं होतं. डोळे भरून आले. त्यानं खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं, सर्दी झाल्यासारखं.

बाहेर आल्यावर कुडचडकर खांबाला टेकून म्हणाले, पुतण्याचे वीस धरून पंचवीस कमी पडतात. सहासष्ट वर्षांच्या माणसाला, ज्याच्या नावावर आता एक रुपया नाही, कुठली बँक देणार? "घर विकावं लागेल, रुजारबाब. मी आताच सांगून ठेवतो, म्हणजे उद्या माझ्या नावानं खडे नकोत." मग जरा वेळानं म्हणाले, हवं तर आता आपणच पोटगीचा अर्ज करू. त्यांना हसायचं होतं, पण रुजारचा चेहरा बघून त्यांनी फाईल काखेत मारली आणि ते खाली गेले. रुजार उभा राहिला. घर विकावं लागेल हे त्याला कळलं होतं, शब्दन् शब्द कळला होता, पण ते त्याला अजून दूरच्या बंदरासारखं वाटत होतं.

पियेदाद कागदांवर सह्या करून बाहेर आली. वकीलीण पुढे निघून गेली. ती थांबली, पिशवीतून पाण्याची बाटली काढून दोन घोट प्याली, आणि त्याच्याकडे धरली. त्यानं घेतली नाही, मग घेतली. तो म्हणाला, "तुला माहीत होतं मी थांबणार नाही."

"माहीत होतं."

"मग कशाला लावलीस बोली? घर हवं होतं तर शेवटपर्यंत जायचं होतंस."

ती जराशी विचारात पडली, खोटं बोलायचं की खरं असा नव्हे, कुठून सुरुवात करायची असा. "घर मला नको होतं, रुजार. कधीच नको होतं. मी ते राखलं. कौलं शाकारली, वाळवी मारली, तुला फोटो पाठवले. मांयच्या घराशेजारी दोन खोल्या घेईन म्हणते, तेवढे पैसे लागणार होते ते मी तुझ्याकडून काढून घेतले. सरळ मागितले असते तर तू पावत्या दाखवल्या असत्यास." ती बोलताना रागात नव्हती. "आत मॅडम म्हणाल्या बाहेर जाऊन बोला, तेव्हा तू घर दे म्हणाला असतास ना, तर मी शहाण्णवला सोडलं असतं. कमीलाही सोडलं असतं. मी वाट बघितली."

रुजारच्या हातात बाटली होती, तिचं झाकण पियेदादकडे. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी लावायला जागा नाही म्हणून भांडत होतं. त्याला सांगायचं होतं की घर विकलं जाणार आहे, की त्याला मागचं दार कसं लावायचं तेही आठवत नाही, की नावेलीच्या खोलीत तो अजून मोठ्याच भांड्यात भात टाकतो. यातलं काहीच आलं नाही. जे आलं ते त्यानं न ठरवता आलं, आणि त्याचं त्यालाच ऐकून धक्का बसला.

"राहा," तो म्हणाला.

पियेदादनं त्याच्या हातातून बाटली घेतली, झाकण लावलं, पिशवीत ठेवली. मग ती पहिल्यांदा, त्या सबंध दिवसात पहिल्यांदा, थोडीशी हसली, आणि ते हसू त्याला सहन झालं नाही. "दाबोळीच्या विमानतळावर दर वेळी मी हेच म्हणायची," ती म्हणाली. "एवढंच. लिझेट कडेवर असायची. तू काय म्हणायचास, आठवतं का?"

ती उत्तरासाठी थांबली. खरंच थांबली, घाई न करता, पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत. मग कठड्याला धरून, गुडघे सांभाळत, एकेक पायरी उतरायला लागली. आठवत होतं त्याला. हसत, तिच्या खांद्यावर थाप मारत, दर वेळी तेच आणि खरं मानून तो म्हणायचा: अजून दोन काँट्रॅक्टं गो, मग कायमचा घरीच.